मोटर नुसती गुणगुणायलीय, फिरत नाही, वरून बॉडीला झिणझिण्या येतात: भरायला टाकायच्या आधी काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. औसा तालुक्यात घर, हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायला एक एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच बॉडीत, आठ दिवसांपासून बटन दाबलं की नुसती गुणगुणायलीय, वडील मागून पंख्याला काडी लावून फिरवतात तेव्हा कुठं सुरू होते, पंधरा मिनिटांत हात ठेववत नाही इतकी तापते, आणि परवा आईचा घागर उचलताना मोटरीला हात लागला तर झिणझिण्या आल्या. दुकानवाला म्हणाला जळाली, भरावी लागेल, म्हणजे आतली जळकी वायर काढून नवी गुंडाळावी लागेल. आणि तुम्ही विचारताय की भरून घेऊ का नवीच घेऊ.

मी लातुरात सव्वीस वर्षं मोटरी भरतोय, कूलरच्या पंख्यापासून गिरणीच्या मोटरीपर्यंत. तुमच्या मोटरीत दोन वेगवेगळे फॉल्ट आहेत आणि तुम्ही ते उलट्या क्रमानं लिहिलेत. झिणझिण्या शेवटच्या ओळीत लिहिल्या, त्या पहिल्या घ्या. न फिरणारी मोटर चार दिवस पाणी देणार नाही एवढंच, पण झिणझिण्या देणारी मोटर हौदाच्या ओल्या फरशीवर बसलीय आणि आई अनवाणी तिथंच पाणी भरतायत. आज झिणझिण्या आल्या कारण पायाखाली थोडं कोरडं असेल किंवा गळती कमी असेल, उद्या तेवढंच नशीब राहील असं नाही. म्हणून हे वाचून झालं की आधी जाऊन प्लग काढा, नुसतं बटन बंद करून थांबू नका. बटन एकच वायर तोडतं, आणि आपल्याकडं कितीतरी बोर्डात फेज न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, तिथं बटन बंद केलं तरी फेज मोटरीत तसाच उभा राहतो. प्लग नसेल, डायरेक्ट जोडलेली असेल, तर मेन पाडा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की कुणीही वर करायचा नाही.

वडलांना काडी लावायची बंद करायला सांगा, हात जोडून सांगतो. मागचं कव्हर काढल्याशिवाय काडी आत जात नाही, म्हणजे पंखा उघडा फिरायलाय, आणि मोटर सेकंदभरात मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या पुढं जाते, काडी बाहेर ओढायला तेवढा वेळ मिळत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीचा धक्का देणारी वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, कामात नसली की सिंगल फेज मोटर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला पळते. घाईत उलटी ढकलली गेली तर उलटीच फिरत राहील, पाणी नीट चढणार नाही आणि काही पंपात इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक, आट्यावर बसवलेला असतो तो सुटून आत घासतो. तिसरं, मोटर गुणगुणत उभी असते तेव्हा ती आराम करत नसते, नेहमीच्या चार-पाच पट करंट खात असते. एक एचपीची मोटर लोडवर साधारण सात अँपिअर घेते, अडकून उभी राहिली की तीस-पस्तीसपर्यंत जाते. तेवढा वेळ तुम्ही काडी शोधत असता आणि आत तारेवरचं वार्निश शिजत असतं. मोटर एक-दोन सेकंदात फिरली नाही तर बंद, परत परत बटन दाबून बघायचं नाही. माझ्याकडं जळून येणाऱ्या छोट्या मोटरीतल्या कितीतरी मुळात जळायच्या नव्हत्या, सुरुवातीच्या धक्क्यासाठी लावलेला कंडेन्सर गेला होता आणि घरच्यांनी आठ दिवस काडी लावून चालवली, मग जळाली.

आता झिणझिण्यांचं. बॉडीला करंट यायलाय म्हणजे दोन गोष्टी एकदम झाल्यात, आतून कुठंतरी गळती आहे आणि अर्थिंग नाही. अर्थिंग धड असतं तर ती गळती जमिनीत गेली असती आणि आईंच्या हातात आली नसती. तीन पिनचा प्लग आहे का बघा, असला तरी उघडून बघा, मोठ्या पिनेला हिरवी वायर जोडलीय का नुसती पिन आहे. मी असे प्लग रोज बघतो ज्यात हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली असते. मग ती वायर मोटरीच्या बॉडीवर अर्थच्या बोल्टला आलीय का, आणि दुसरीकडं घराच्या अर्थिंगला पोचलीय का. काही जण अर्थ म्हणून न्यूट्रलला जोडून देतात, हे कधीच करू नका, बाहेर कुठं न्यूट्रल तुटला तर मोटरीची आख्खी बॉडी फेजवर येते. नळाच्या पाइपालाही जोडू नका, मधे प्लास्टिकचा तुकडा असतो आणि असला नसला तरी शेजारच्या नळाला करंट उतरतो.

आणि अर्थिंगचा खड्डा असेल तर त्यात पाणी कधी टाकलं होतं ते आठवा. आपली काळी माती पावसाळ्यात धरून ठेवते आणि एप्रिल-मेमध्ये वीतभर भेगा पाडते, पाइपापासून सुटते, मग दहा फूट खोल पाइप गाडलेला असूनही तो जमिनीला नीट लागलेला नसतो. ज्या महिन्यांत कूलर लागतात, अनवाणी पायांनी कूलरमधे पाणी ओततात, त्याच महिन्यांत आपल्याकडं अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लेकरू गेल्याची बातमी कुठून तरी येतेच आणि मला दर वेळी हाच वाळलेला खड्डा डोळ्यापुढं येतो. उन्हाळाभर दर आठ दिवसाला बादलीभर पाणी टाका. आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की लाईट तोडणारं बटन, आता दुकानात आरसीसीबी म्हणून मिळतो, तो मेनला बसवून घ्या. एमसीबी आहे की असं लोक म्हणतात, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, सहा किंवा सोळा अँपिअरला पडणारा एमसीबी माणसाला वाचवणार नाही, माणसाला मारायला त्याच्या शंभराव्या भागाएवढा करंटही पुरतो. ईएलसीबीवर टेस्टचं बटन असतं, महिन्याला एकदा दाबून बघा पडतो का.

आता मोटरीकडं येऊ. पण हात घालायच्या आधी बंद म्हणजे खरंच बंद आहे हे कसं बघायचं ते सांगतो कारण इथंच माझं स्वतःचं बोट गेलेलं आहे. 2011 च्या उन्हाळ्यात रेणापूरकडं एका शेतात कडबा कुट्टीची मोटर बघायला गेलो होतो, तीन फेजची होती, लाईट गेलेली होती, मी म्हटलं लाईट आहेच कुठं, बेल्ट काढून मोकळी फिरते का बघू. स्टार्टरला ऑटोस्विच होता. लाईट आली, ऑटोनं आपणहून मोटर उचलली आणि बेल्टनं माझं उजव्या हाताचं मधलं बोट पुलीत नेलं. पेरभर गेलं. मेन मी पाडला नव्हता, फ्यूजही काढले नव्हते, लाईट नाही यावरच विसंबलो होतो. तेव्हापासून लाईट गेलेली असली की मी जास्त भीतो, फ्यूज काढून खिशात घालतो आणि मगच मोटरीपाशी जातो. दुकानात शिकायला आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी तेच बोट दाखवतो.

टेस्टरच्या पेनावर भरवसा ठेवू नका. न्यूट्रल तुटलेला असला की तो सगळीकडं पेटतो, कोरड्या फळीवर उभं राहिलं की नीट पेटत नाही, आणि आतला निऑन मेलेला असला तर कधीच पेटत नाही. मीटर नाहीतर होल्डरला दोन वायरी लावलेला टेस्ट बल्ब घ्या, आधी चालू सॉकेटवर लावून तो चालतोय हे बघा, मग मोटरीवर लावून बघा, मग परत चालू सॉकेटवर. तीनदा. कंटाळवाणं वाटतं पण मधल्या वेळात बल्बच उडाला असेल तर ते तिसऱ्यांदाच कळतं.

प्लग काढला, खात्री झाली, आता हातानं शाफ्ट फिरवा. ही तपासणी फुकटची आहे आणि माझं निम्मं निदान इथंच होतं. मागच्या पंख्याला धरून सावकाश फिरवा आणि डोळे मिटून बोटांकडं लक्ष द्या. चांगली मोटर लोण्यासारखी फिरते, सोडल्यावर थोडी पुढं जाऊन थांबते. खरखर लागली, वाळू चावल्यासारखी, तर बेरिंग गेली. एकाच जागी दर फेऱ्याला अडकायली तर रोटर (आतला फिरणारा भाग) स्टेटरला (बाहेरच्या स्थिर भागाला) घासतोय किंवा इंपेलर केसिंगला. अजिबात हलत नसेल तर पंपाचं सील चिकटलंय. ही शेवटची तक्रार आपल्याकडं फार. लातुरात पाण्याची टंचाई जुनीच, 2016 च्या एप्रिलात तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्या सालात पंप महिनोन्महिने कोरडे बसून होते आणि पाऊस झाल्यावर माझ्या दुकानापुढं मोटरींची रांग लागली होती. त्यातल्या बऱ्याच जळालेल्या नव्हत्याच, बोअरच्या पाण्याचा खार सीलमधे वाळून शाफ्टला घट्ट धरून बसला होता. बसून राहिलेला पंप चालू करायच्या आधी हातानं चार फेरे मारा, नसेल फिरत तर केसिंगमधे पाणी भरून रात्रभर ठेवा, बऱ्याचदा सकाळी सुटतो.

तुमची मोटर काडीनं ढकलल्यावर पळते, म्हणजे शाफ्ट मोकळा आहे आणि रनिंग वाइंडिंग निदान अजून जिवंत आहे. बिघाड सुरुवातीच्या धक्क्यात आहे, म्हणजे कंडेन्सर, त्याच्या वायरी किंवा स्टार्टिंग वाइंडिंग. दहात आठ वेळा कंडेन्सरच निघतो. वरच्या डबीत असतो, पांढरा नाहीतर काळा डबा, त्यावर 20 किंवा 25 मायक्रोफॅरड आणि 440 व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. काढायच्या आधी तो रिकामा करा, प्लग काढला तरी त्यात करंट राहू शकतो. पुष्कळ जण पेचकसानं दोन्ही टोकं चिकटवतात, फाट्कन ठिणगी पडते, टोक वितळतं, कधी डोळ्यात उडतं. टेस्ट बल्बच्याच दोन वायरी त्याच्या दोन टोकांना दहा सेकंद धरा, बास. आधी वायरींचा फोटो काढून ठेवा.

डबा फुगलाय, तेल सुटलंय, बुड फुटलंय तर मोजायची गरज नाही, फेकून द्या. वरून चांगला दिसत असेल तर कपॅसिटन्स मोजणारा मीटर लागेल, 25 लिहिलेला 24 दाखवला तर ठीक, 15-16 दाखवला तर तो मोटरीला धक्का देऊ शकत नाही. इथं एक गोष्ट सांगतो जी वायरमन लोकांनाही माहीत नसते. सिरीज बल्बवर कंडेन्सर तपासायची आपल्याकडं पद्धत आहे, बल्ब मंद लागला की चांगला, पूर्ण लागला की शॉर्ट. ही पद्धत छताच्या पंख्याच्या अडीच मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरसाठी बरोबर आहे. पण 25 चा कंडेन्सर 50 सायकलवर फक्त सव्वाशे ओहमच्या आसपास अडवतो आणि पेटलेला साठचा बल्ब स्वतःच साडेआठशेच्या वर असतो, म्हणून चांगला कंडेन्सर असला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण लागतो आणि लोक चांगला कंडेन्सर शॉर्ट म्हणून फेकतात. मीटर नसेल तर सरळ त्याच आकड्याचा नवा लावून बघा, तेवढा काही महाग नसतो. आकडा तोच घ्या, जास्तीचा लावला की जोर जास्त येईल हा गैरसमज आहे, स्टार्टिंग वाइंडिंगमधून जास्त करंट जाऊन ती तापते. व्होल्टही 440 च्या खाली नको.

नवा कंडेन्सर लावूनही गुणगुणली तर वाइंडिंग मोजायची. कंडेन्सर सोडवून तीन टोकं मोकळी करा, मीटर ओहमवर ठेवून दोन-दोन टोकं धरा. समजा कॉमनपासून एकीकडं 4 आलं आणि दुसरीकडं 9, तर उरलेल्या जोडीत 13 च्या आसपास यायला पाहिजे. कमी रनिंगचं, जास्त स्टार्टिंगचं, आणि दोन्हींची बेरीज तिसरं. स्टार्टिंगच्या टोकावर काहीच येत नसेल तर आत वायर तुटलीय, कधी कधी नुसता टर्मिनलचा जोड जळालेला असतो, तो आधी बघा. आणि वास घ्या. वार्निश जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, करपलेल्या गुळासारखा पण कडू.

एवढं करायच्या आधी एक विचारतो, हे संध्याकाळीच होतंय का? सकाळी आपणहून फिरते आणि सहा-सातला गुणगुणते असं असेल तर कंडेन्सर चांगला असून व्होल्टेज कमी असेल. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं पडतो, 230 च्या जागी 180 आले तर जोर साठ टक्क्यांवर येतो. आणि मीटर बोर्डापासून हौदापर्यंत वायर केवढी आहे बघा. साठ मीटर लांब एक एमएमची तांब्याची वायर असली तर चालू मोटरीवर पंधरा व्होल्ट खाते पण सुरू होताना साठच्या वर खाते, म्हणजे बोर्डावर 210 दिसतात आणि मोटरीला त्या क्षणी दीडशेही मिळत नाहीत. अडीच एमएमची टाका. ॲल्युमिनियमची असेल तर अजून वाईट.

आता परत गळतीकडं, कारण कंडेन्सर बदलून मोटर फिरायला लागली की लोक झिणझिण्या विसरतात. पंप आणि मोटर जिथं जोडलेत तिथं मधल्या फटीत खालून बघा, खाराची पांढरी रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसतोय का. दिसला तर सील गळतंय, पाणी शाफ्टवरून पुढच्या बेरिंगमधे आणि तिथून वाइंडिंगवर उडतंय, झिणझिण्या तिथूनच आहेत. दुसरी जागा म्हणजे टर्मिनलची डबी, जिथून वायर आत जाते तिथं रबर नसतं आणि पत्र्याच्या धारेवर वायर घासून सोलते. साध्या मल्टिमीटरनं ही गळती सापडत नाही, त्याची बॅटरी काही व्होल्टची असते, ओलसर वाइंडिंगही त्याला चांगली दिसते. 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लागतो, कुठल्याही वाइंडरकडं असतो. कंडेन्सर सोडवून वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधे लावायचा. चांगली मोटर शंभर मेगओहमच्या वर दाखवते, एकच्या खाली दाखवली तर ती मोटर चालवायचीच नाही. ओलीमुळं कमी असेल तर खोलून रोटर काढून स्टेटरच्या पोकळीत शंभरचा पिवळा बल्ब रात्रभर पेटवून ठेवा, वाइंडिंगला टेकू द्यायचा नाही, सकाळी गार झाल्यावर परत मेगर करा. चढला तर नवं सील, नवी बेरिंग, वार्निशचा एक हात, आणि मोटर वाचली. नाही चढला तर भरावी लागेल.

खोलणार असाल तर कव्हर आणि बॉडीवर पंचानं खूण करा, तसंच्या तसं बसलं पाहिजे. बेरिंगचा नंबर तिच्यावरच असतो, 6203 असेल तर आतलं भोक 17 मिमीचं, 6204 असेल तर 20 चं. बसवताना आतल्या कड्यावर पाइपाचा तुकडा ठेवून ठोका, बाहेरच्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवी बेरिंग महिन्यात ओरडते. दोन्हीकडून पत्र्यानं बंद असलेली झेडझेड घ्या, तिला ग्रीस लावायची गरज नसते.

आणि भरायचीच वेळ आली तर वाइंडरसमोर उभं राहून दोन गोष्टी सांगा. जुनी वायर जाळ लावून सोडवू नको, भट्टीविना उघड्या जाळात पत्र्यांच्या मधलं इन्सुलेशन जळतं आणि मग नवी वाइंडिंग भरूनही मोटर रिकामी चालताना तापते, लोक वायरीला दोष देतात. आणि काढलेली वायर तांब्याची होती तर तांब्याचीच, त्याच गेजची, तेवढ्याच टर्नची घाल, जुनी काढलेली वायर माझ्यासमोर वजन कर. तांब्याच्या जागी त्याच गेजची ॲल्युमिनियम घातली तर तिचा अडथळा दीडपटीच्या वर असतो, ती जास्त तापते आणि एक उन्हाळा काढत नाही. भरायचा खर्च नव्या मोटरीच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि मोटर दहा वर्षं जुनी असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला नवी घ्या सांगतो, माझं काम गेलं तरी. पण तुमच्या मोटरीचं तसं वाटत नाही.

तुम्ही आधी अर्थची वायर बघा, मग कंडेन्सर बदला, मग मेगर करून घ्या, याच क्रमानं. मेगरचा आकडा आणि सीलखालच्या फटीचा फोटो पाठवा, आणि कंडेन्सर बदलल्यावर आपणहून फिरली का तेही लिहा. तोवर आईंना पाणी बादलीनं काढू द्या, मोटर नको.